पहिल्या आवृत्तीवरचं कुंकू

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर साईनाथ कुदळ्यांनी एकच नाद धरला. महायुद्धानंतर ज्यू लेखकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या जमवायच्या, आणि त्याही पहिल्या आवृत्तीच्या. दुसरी आवृत्ती फुकट मिळाली तरी ते हात लावत नसत. बुधवार पेठेतले रद्दीवाले त्यांना ‘पहिलीचे काका’ म्हणत. ते कुठल्याशा शाळेत पहिलीला शिकवत असावेत, असं नव्या गिऱ्हाइकांना वाटे.

रास्ता पेठेतले एझ्रा झिराडकर याच नादातले. स्वतः बेने इस्राएल ज्यू, घराणं मूळचं कोकणातलं, मराठी कुदळ्यांपेक्षा कडक. ते आता लेकीकडे इस्राएलला कायमचे निघाले होते. आपलं पुस्तकांचं धन कपाटासकट कुदळ्यांना द्यावं असं मनात होतं. पण आधी हा माणूस पुस्तकं कशी ठेवतो ते पाहणार, मगच देणार. दसऱ्याला येतो म्हणाले. कुदळ्यांची झोप उडाली.

दसऱ्याला पुस्तकं पुसून, ओळीनं लावून कुदळे आंघोळीला गेले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी कौशल्याबाई सरस्वतीपूजनाला बसल्या. एरवी पूजेला पंचांग असे. यंदा पुस्तकांचा पाहुणा येणार म्हणून त्यांनी नवऱ्याची सर्वांत लाडकी कादंबरी पाटावर उघडली आणि पहिल्या कोऱ्या पानावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

कादंबरी हिटलरच्या छळछावणीतून वाचलेल्या एका शिंप्याची होती.

कुदळे बाहेर आले, बेल वाजली आणि कौशल्याबाईंनी दार उघडलं. तेवढ्यात कुदळ्यांना ते पान दिसलं. पंचा टाकून झाकावं, तर झिराडकर पाटापाशी पोचलेसुद्धा.

“हे तसलं नाही,” कुदळे पुटपुटले. “म्हणजे... आपलं, पूजेचं.”

झिराडकरांनी चष्मा वर सरकवला. “कुदळे, मी पुण्यात जन्मलो. लग्नपत्रिका मलाही येतात.”

कुदळ्यांनी सुटकेचा श्वास टाकून पुस्तक मिटायला हात घातला.

“मिटू नका. ओलं आहे, समोरच्या पानावर उमटेल.” मग ते कौशल्याबाईंकडे वळले. “वहिनी, माझ्या पुस्तकांवर काढाल तेव्हा पेन्सिलीनं काढा.”

“पूजेला पेन्सिल चालत नाही,” कौशल्याबाई म्हणाल्या.

कुदळ्यांनी डोळे मिटले. कपाट गेलं.

झिराडकरांनी ओळीनं लावलेल्या पुस्तकांवरून नजर फिरवली. “मग फूल वाहा. तेही कपाटावर. पुस्तकात नको.”

कौशल्याबाईंना ते पटलं. कपाट दारातून आत येईल का ते पाहायला त्या शिवणाची टेप घेऊन आल्या.