पाचटाचा धूर

आज पुन्हा धूर दिसला, म्हणून शीतलच्या रानात गेलो. ऊस तुटला की आमच्याकडे मागे राहिलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटवतात, कारण त्याशिवाय रान स्वच्छ दिसत नाही. ते कुजवलं तर ओल टिकते, हे तिनेच ग्रामसभेत सांगितलं होतं आणि गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. आज तिच्याच सासऱ्यांनी काडी लावली.

"सून शिकलेली आणि रानात कचरा, असं लोकांनी म्हणायचं का?" ते मला म्हणाले.

तरुणांनी शेतीत यावं, असं भाषणात सगळे सांगतात. आलेल्यांच्या हातात मात्र कोणी रान देत नाही. हे शेतकरी संघटनेच्या पत्रकांत लिहून लिहून मी कंटाळलो आहे.

शीतलने पाइप ओढून मधल्या सरीत पाणी सोडलं. आग तिथे थांबली.

"पलीकडच्या चार सऱ्या माझ्या, मामा," ती म्हणाली.

सासऱ्यांनी काडीपेटी खिशात ठेवली. फेकली मात्र नाही.