तिकडच्या कपाटातलं इष्टलिंग

परदेशात राहणाऱ्या माणसाला आपला इतिहास दुसऱ्याला सांगायची खाज असते. मला ती जरा जास्तच आहे. जर्मनीत ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलं, की भाजी वाढता वाढता मी त्यांना थेट बाराव्या शतकात नेतो. देऊळ नको, मधला पुजारी नको, बाई असो की बाप्या, प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःचा देव, तो तळहातावर घेऊन ज्यानं त्यानं पूजा करायची, असं आमच्या लोकांनी तेव्हा ठरवलं, हे ऐकून ती मंडळी चमचे खाली ठेवतात. मग कुणीतरी म्हणतं, तुझा दाखव ना. मी सांगतो, तो असा दाखवायचा नसतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

माझं इष्टलिंग, म्हणजे तो गळ्यातला देव, त्या वेळी शेजारच्या खोलीत, कपाटातल्या एका डब्यात असतं. त्याच डब्यात जुनी सिमकार्डं आणि जादा किल्ल्या आहेत. पोहायच्या तलावावर लोक गळ्यातल्या चांदीच्या चौकीकडं, म्हणजे लिंग ठेवायच्या डबीकडं, टक लावून बघायचे, म्हणून एक दिवस काढलं आणि परत घातलं नाही. कुणी बंदी केली नव्हती. कुणी हसलंही नव्हतं. मलाच लाज वाटली, आणि आता त्या लाजेचीच लाज वाटते.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, मूळचे चाकूरचे. किराणा दुकान चालवलं, मग लातूरला घर केलं. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, हा त्यांचा नेम. मी परदेशी गेल्यापासून रोज आमचा फोन होतो. मी सकाळी आवरून निघतो तेव्हा तिकडं दुपार झालेली असते. अप्पा पाऊसपाणी विचारत नाहीत, पगार विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "पूजा झाली का?" मी म्हणतो, "हाव." कधी ट्रामच्या थांब्यावर, कधी पावाचा घास तोंडात असताना. एखाद्या दिवशी फोन करायचा विसरलो, तर त्यांचाच मिस्ड कॉल येतो. मी वैतागतो आणि ऑफिसच्या जिन्यात उभा राहून एकदाचं "हाव" म्हणून टाकतो. म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं, कुणाचं काय गेलं, अशी माझी समजूत होती.

यंदा त्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, नांदेडला दिलेली आहे. तिच्या घराजवळचा दवाखाना निवडला आणि मी रजा काढून आलो. आल्यापासून उंच गळ्याचे शर्ट घालत होतो. अप्पा पूजेला बसले की अंघोळीला जायचो. एवढी अक्कल मला होती.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सबाई आल्या. "आजोबा, अंगावरचं सगळं काढा. गळ्यातलं पण."

"हे काढत न्हाईत, बाई."

"आत चालत नाही. घरच्यांकडं द्या, सांभाळतील."

अप्पांनी थोडा विचार केला आणि माझ्याकडं बघून त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मग ह्याच्याकडं देतो," ते नर्सबाईंना म्हणाले. "ह्याच्या गळ्यात बी हाय. इतक्या दूर ऱ्हातो, पण लेकरानं एक दिवस पूजा चुकवली न्हाई."

ज्याच्या गळ्यात स्वतःचं लिंग नाही त्याच्या गळ्यात अप्पा आपलं घालणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. अप्पांनी दोरा डोक्यावरून काढला, "वाक जरा," म्हणाले, आणि मी वाकलोसुद्धा. दोरा घालायच्या आधी त्यांनी दुसऱ्या हातानं माझी छाती चाचपली. लहानपणी शाळेत जाताना लिंग आहे ना म्हणून चाचपायचे, तशीच. शर्टावरून त्यांचा हात डावीकडं गेला, उजवीकडं गेला आणि थांबला.

नर्सबाई घड्याळ बघत होत्या. अक्का पुढं झाली, तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "अप्पा, आणा इकडं. माझ्या लिंगाजवळ ऱ्हाईल." तिच्या गळ्यात दोरा घालून अप्पा आत गेले. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

बाहेर बाकावर अक्का मला एवढंच म्हणाली, "खरं सांगायला काय झालं होतं रे तुला?" मला रागच आला. मनातल्या मनात मी मोठा युक्तिवाद तयार केला: श्रद्धा गळ्यात नसते, मनात असते, खोटं बोललो ते त्यांच्याच सुखासाठी. जेवणाच्या टेबलावर हे सगळं झकास खपलं असतं. त्या बाकावर पहिलं वाक्यसुद्धा मला बोलवेना.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, पेज द्या. अक्कानं अप्पांना उशीला टेकवून बसवलं, इष्टलिंग हातात दिलं. त्यांनी भस्म लावलं, डोळे मिटले, ओठ हलले. पूजा आटोपून चौकी गळ्यात घातली, तरी पेजेची वाटी तशीच पुढ्यात ठेवून बसले.

"अप्पा, घ्या न. निवून राहिली," अक्का म्हणाली.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "अप्पा, माझी पूजा झाली न्हाई. लई वर्षं झाली न्हाई. ते तिकडं कपाटात हाय. मी फोनवर खोटं बोलायचो."

"हाव," अप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. वाटीतला चमचा त्यांनी उगाच फिरवला.

"माझी पूजा तर पहाटंच व्हायची. पण लेकरू तिकडं उपाशीपोटी पूजेला बसलं आसंल आन् आपण कसं खावं, म्हणून थांबायचो मी दुपारपस्तोर. तुजं हाव आलं, की ताटावर बसायचो." मग वाटीकडं बघत म्हणाले, "आता कुणाला इचारून जेवू?"