मनोऱ्यातली गाठ

त्या उन्हाळ्यात, परदेशी वॉटर्लूच्या कॉलेजात शिकताना, मला को-ऑपची, म्हणजे अभ्यासाचाच भाग म्हणून काही महिने करायची नोकरी मिळाली ती उत्तरेकडच्या एका गावात, मोठ्या तळ्याच्या काठी. तिथे पूर्वी वणवे विझवणाऱ्यांचा तळ होता. आता विमानं, पंप, माणसं सगळं दूरच्या एअरपोर्टजवळ गेलंय, झोपायच्या बराकी पाडल्यात. उरली आहे एकच इमारत: लांबट लाकडी शेड, आणि तिच्या टोकाला चार मजली उंच, बिनखिडक्यांचा मनोरा.

पहिल्या दिवशी मी तो टेहळणीचा मनोरा समजले. माझे बाबा चंद्रपूरकडच्या जंगलात वनमजूर आहेत. तिथल्या मनोऱ्यावरून वणव्याचा धूर दिसतो. मी तसं म्हणाले, तेव्हा इमारत सांभाळणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, खिडकी नाही, मग बघणार कुठून?

त्या सत्तरीच्या पुढच्या. मनात मी त्यांना आजी म्हणायचे. तोंडावर मॅम म्हणाले, तर म्हणाल्या, मॅम माझी शाळेतली बाई होती, आणि ती मला मुळीच आवडायची नाही.

मनोरा पाइप वाळवण्यासाठी होता. वणव्यावरून आलेले कापडी पाइप राखेने, चिखलाने भरलेले असत. शेडमधल्या लांब टेबलावर ते ब्रशने घासायचे, मग दोर आणि कप्पीने मनोऱ्यात वर ओढून टांगायचे. ओले गुंडाळले तर कुजतात आणि पुढच्या वणव्यात ऐन वेळी फुटतात. माझ्या वयाच्या असताना आजी हेच काम करत, कोपरापर्यंत काळ्या होऊन. तळ बंद झाल्यावर ही इमारतही पाडणार होते, पण गावातले लोक आडवे आले. मासे पकडून बोटीने परतताना ते या मनोऱ्यावरून किनारा ओळखत. आजी म्हणायच्या, इतिहास वगैरे कोणी वाचवला नाही, आम्ही घरी यायची खूण वाचवली.

माझं काम होतं साफसफाई करायची आणि दाराशी लावायच्या पाटीचा मजकूर लिहायचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सांगितलेल्या कामापेक्षा थोडं जास्त करून ठेवायची मला सवय आहे. भीतीच म्हणा ना.

एका सकाळी किल्ली माझ्याकडे होती, आजी अजून यायच्या होत्या. मनोऱ्यात एकच पाइप टांगलेला होता आणि त्याच्या खालच्या टोकाला घट्ट गाठ होती. मला ते गबाळं वाटलं. स्क्रू ड्रायव्हर घालून अर्ध्या तासात मी ती गाठ सोडवली. टोक हाताने सरळ केलं. मला बरंही वाटलं.

दुपारी आम्ही धक्क्यावर जेवायला बसलो. माझ्या पोळीच्या गुंडाळीतली अर्धी आजींनी घेतली आणि बोलता बोलता सांगितलं, की वणव्यात पाइप फुटला तर त्या गडबडीत सांगत बसायला वेळ नसतो. टोकाला गाठ मारायची. ती दिसली की पुढचा माणूस तो पाइप पंपाला लावत नाही, दुरुस्तीला बाजूला काढतो.

"मनोऱ्यातली गाठ माझ्या नवऱ्याने मारलेली," त्या म्हणाल्या. "इथल्या शेवटच्या वणव्यात. तो डावरा होता. त्याची गाठ उलटी पडायची, मी लांबून ओळखायचे."

त्यांच्या नवऱ्याला जाऊन दोन हिवाळे झाले होते. मी "छान" म्हणाले. एवढंच.

संध्याकाळी घरी फोन लावला. तिकडे पहाट होती, बाबा जंगलात निघाले होते. मी सगळं सांगितलं. आता पाइप पूर्वीसारखा कसातरी बांधून ठेवू का, असंही विचारलं.

"सांगून टाक माय," बाबा म्हणाले. "राखेखाली निखारा ठेवला का दुपारच्या वाऱ्यानं पेटतेच."

दुसऱ्या दिवशी आजी कुलूप काढत असतानाच मी सांगितलं. तयार केलेली इंग्लिश वाक्यं तोंडातून निघालीच नाहीत, तुकडे तुकडे बोलले. त्या आत गेल्या. पाइपचं टोक हातात धरून खूप वेळ उभ्या राहिल्या. मी दारातच. मग त्यांनी मला बोलावलं.

"हा अजून फुटलेलाच आहे ना?"

"हो."

"मग कोणीतरी चांगला समजून पंपाला लावेल. मार गाठ."

तिथे आता पंप नव्हता, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी गाठ मारली. त्या म्हणाल्या, अजून घट्ट. मी पुन्हा ओढली. कापडावर जुन्या गाठीचा उलटा वळ तसाच उमटलेला होता, गेलेला नव्हता. माझी गाठ त्याच्या शेजारी पडली. आजींनी अंगठ्याने तो वळ एकदा चाचपला आणि मला दोर ओढायला सांगितलं.

पाटीच्या मजकुरात मी सगळं खरं लिहिलं. पहिली गाठ कोणी मारली, ती कोणाच्या हातून सुटली, आणि शेवटी मनापासून माफी. आजींनी पेन्सिल घेऊन माफीचं वाक्य खोडलं. पाटीवर कोणी सॉरी म्हणत नाही, डिअर, म्हणाल्या.

"गाठ पुन्हा कोणी मारली, ते लिहायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. आणि माझ्या बाजूला पेन्सिल सरकवली.