पेन्सिलच्या भुवया

आमच्या बेव्हर्ली पार्क कॉलनीतल्या पार्लरवालीचं नाव मी नऊ वर्षांत कधी विचारलं नाही. आम्ही दोघी पंचेचाळिशीच्या, पण मी तिला अगं-तुगं करायचे आणि ती मला ताई म्हणायची. भुवया कोरायच्या दोऱ्याचं टोक ती दातांत धरायची, त्यामुळे भुवया होईपर्यंत तिला बोलता यायचं नाही. बोलायचं काम माझं.

तिच्या स्वतःच्या भुवया म्हणजे काळ्या पेन्सिलीने काढलेल्या दोन बारीक कमानी. घाम पुसताना एखादी फिसकटली की ती करंगळीने सारखी करायची.

त्या दिवशी मला राहवलं नाही. खुर्चीत मान मागे टाकून, पापणी ताणून धरत मी म्हणाले, "राग मानू नकोस, पण चाळिशीनंतर अशा रेघोट्या काढल्या की बाई म्हातारी दिसते. जगाला नटवतेस, जरा स्वतःकडे बघ की!"

बाकावर नंबराची वाट बघत बसलेली बाई फिसकन हसली. मला बरंच वाटलं.

दोरा थांबला नाही, कुठे जास्त ओढलाही नाही. दुसरी भुवई पूर्ण करून तिने तो तोंडातून काढला आणि मला पावडर लावली.

"मला शिकवायला कोणी नव्हतं ताई," ती म्हणाली. "आरशासमोर बसून स्वतःवरच हात बसवला. चुकत गेले, उपटलेले केस परत आलेच नाहीत. म्हणून तर तुमच्या भुवया कधी चुकल्या नाहीत."

तिने माझ्यासमोर आरसा धरला. भुवया नेहमीसारख्याच रेखीव झाल्या होत्या. त्यांच्याखालचे डोळे मात्र मला वर करवेनात.