हवालदार संपत कुठे उभा होता

तार तुटली तेव्हा हवालदार संपतचं डोकं विंचच्या झाकणाखाली होतं. उजवा हात लिव्हरवर होता. त्यानं तार तुटताना पाहिली नाही, नुसता आवाज ऐकला. वेळ सकाळी सात वाजून पस्तीस मिनिटं. तुटलेलं टोक चाबकासारखं उलटं आलं आणि नायक बिरूच्या मानेवर बसलं. नायक बिरू माझा मुलगा.

मी फौजेत नव्हते. आटपाडीच्या माळावर मेंढरं राखण्यात माझा जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत. तालुक्यातल्या माजी सैनिकांनी पुस्तकासाठी आठवणी मागवल्या. बिरू लिहू शकत नाही, म्हणून मी लिहिते. संपतनं मला जे सांगितलं तेवढंच लिहिते.

पोस्टिंग अरुणाचलात होतं. घाटरस्त्यावर वर्कशॉपची एक तुकडी होती. काम एकच, चिखलात आणि दरडीत अडकलेल्या लष्करी गाड्या ओढून काढायच्या. त्यासाठी रिकव्हरी गाडी असते. तिच्यावर विंच असतो, म्हणजे लोखंडी तार गुंडाळणारा मोठा रहाट. साडेपाचला गाडीची तपासणी, सहाला चहा, मग वायरलेसवर बोलावणं येईल तिकडं जायचं. तुकडीत पाच माणसं. वर नायब सुभेदार साहेब. खाली संपत, रहिमतपूरकडचा, मेकॅनिक. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखायचा. त्याच्या हाताखाली बिरू आणि दोन जवान.

त्या दिवशी तपासणीत बिरू म्हणाला, "उस्ताद, तारंला कुसळं आलीत."

तारेतले बारीक धागे तुटून वर आले होते. मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचत नाही.

"मग हातमोजं घाल की. का नवरीचं हात हायत?" संपत म्हणाला. "आजचं निघल. सांच्याला बदलू."

सहा चाळीसला ते जागेवर पोचले. एका ट्रकची मागची चाकं रस्ता सोडून दरीवर लोंबत होती. आत ड्रायव्हर आणि एक जवान, दोघांचे पाय अडकलेले. तार जोडून होते न होते तोच वरून दगड आला आणि नायब सुभेदार साहेबांच्या डोक्याला लागला. साहेब बेशुद्ध झाले. संपतनं वायरलेस घेतला.

"साहेब जखमी. ओव्हर."

"कमांड कुणाकडं? ओव्हर."

"हवालदार संपत. ओव्हर."

"काम चालू ठेवा. मदत निघाली आहे. आउट."

इथपर्यंत मला त्याच महिन्यात समजलं होतं. पुढचं समजलं नाही. पत्रात लिहिलं होतं, कर्तव्य बजावताना अपघात. पत्राबरोबर बिरूची ट्रंक आली. अकरा वर्षं मी तेवढ्यावरच होते.

अकरा वर्षांत संपत दरसाल त्या तारखेला आला. निवृत्त होऊन तो सांगलीच्या एका कारखान्यात फिटर लागला होता. सकाळच्या एसटीनं यायचा, पिशवीत पाने आणि पक्कड घेऊन. आला की काहीतरी दुरुस्त करायला बसायचा. एका वर्षी बोअरचा स्टार्टर, एका वर्षी पत्र्याचे हूक. काम झालं की चहा घेऊन दुपारच्या गाडीनं परत. बिरूचं नाव दोघांपैकी कुणी काढायचं नाही. तो गेल्यावर घरात पुन्हा मी एकटी. मालक आधीच गेले होते. एका माणसाच्या भाकरीला पीठ किती लागतं ते हाताला पाठ झालं आहे.

गेल्या वर्षी तो तारीख नसताना आला. दाराशी उभा न राहता सरळ फाटकाकडं गेला आणि बिजागरी बघायला लागला.

"आई, ह्ये लय कुरकुरतंय."

"कुरकुरू दे. कोण आलं-गेलं ते मला कळतं. पाना ठेव आणि बस."

"दोन मिंटाचं काम हाय."

"फौज सुटली, पण तुझा पाना सुटंना. बस म्हणते न्हवं?"

बसला. मग कामाचं बोलला. कारखान्यात फोरमनची जागा निघाली होती. आठ वर्षं तो मशिनी दुरुस्त करत होता, आता त्याला माणसं सांभाळायचं काम हवं होतं. मुलाखतीत साहेब लोकांनी विचारलं, नोकरीतला असा एक प्रसंग सांगा, जेव्हा तुम्ही माणसांचं नेतृत्व केलंत. यानं विंचची गोष्ट सांगितली. विंच बंद पडला, मी चार मिनिटांत चालू केला, आठ वाजून पाच मिनिटांनी ट्रक वर आला, आतले दोघं वाचले. तिथल्या बाई म्हणाल्या, "हे मशीन दुरुस्त केल्याचं झालं. माणसांचं काय?" यानं परत विंचचंच सांगितलं. शुक्रवारी परत बोलावलं होतं.

"सोबतचा एकजण म्हणतो, सांग की बिरूला मी वेळेवर वराडलो, पण त्यानं ऐकलं न्हाई. म्हंजी लीडर दिसतोस." तो खाली बघत होता. "मला तसं सांगायचं न्हाई. पण बिरूचं नाव घ्यायचं तर तुमाला इचारल्याबिगर कसं घ्यायचं?"

"आदी मला सांग," मी म्हणाले. "तू कुठं हुतास तवा?"

त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले. मग रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं.

तार ताणलेली असताना हुकूम देणारा बाजूला उंचावर उभा राहतो. तिथून त्याला सगळी माणसं दिसतात. तारेच्या पल्ल्यात कुणी नाही हे बघून तो हात वर करतो, मगच ओढतात. संपत तिथं उभा होता. ट्रक हातभर पुढं आला होता. सात एकतीसला विंच हिसके देऊन थांबला. संपत जागा सोडून खाली उतरला. लिव्हरवरच्या जवानाला म्हणाला, "सरक." बिरूला ओरडून सांगितलं, "तू बघ रं!" बिरू कुठं आहे ते त्यानं पाहिलं नाही. बिरू ट्रकच्या पुढच्या चाकांमागं दगड लावत होता, तारेच्या पल्ल्यात. रिकामे झालेले दोन्ही जवान स्ट्रेचर घेऊन तार ओलांडायला निघाले. त्यांना थांबा म्हणणारं कुणी नव्हतं.

"हाताला काम गावलं की मला बरं वाटतं, आई. हुकूम द्यायचं भ्या वाटत हुतं. इंजिनाचं भ्या वाटत न्हाई. चार मिंटात विंच चालू झाला. मी वर बघितलंच न्हाई. तितनंच लिव्हर वडला."

पुढचं संपतला त्या जवानांनी सांगितलं. बिरूनं धावत येऊन दोघांना ढकलून पाडलं. तार त्यांच्यावरून गेली. दुसरी तार जोडेपर्यंत ट्रक बिरूनं लावलेल्या दगडांवर टिकून राहिला.

"आनि कुसळं?" मी विचारलं.

"त्येनं सांगितलं हुतं. मीच सांच्यावर ढकललं."

मी उठले. मेंढरं उन्हात आली होती, ती बाभळीखाली हाकलली. परत आले तेव्हा तो तसाच बसलेला होता, हात गुडघ्यांवर.

"आई, माफ..."

"माफीबिफी माज्याकडं न्हाई. मागू नगंस. फोरमन कशाला लागतो रं कारखान्याला?"

"माणसं कुठं उभी हायती ते बघायला."

"मग ह्येच सांग त्यास्नी. मला सांगितलंस तसंच, सगळं. बिरूचं नाव घे. सवताला त्यातनं वगळू नगंस."

"मग जागा मिळायची न्हाई."

"न्हाई तर न्हाई. फिटर हाईसच."

शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. सगळं सांगितलं म्हणाला. मग एका वयस्कर साहेबांनी विचारलं, "आता मशीन बंद पडलं तर काय करशील?"

यानं सांगितलं, "साहेब, आधी मागं सरकेन. माणसं कुठं आहेत ते बघेन. मग फिटरला बोलावेन. पाना हातात घेणार नाही."

महिन्यानं त्याला फोरमन केलं. मला त्याचा आनंद झाला असं नाही. वाईटही वाटलं नाही. भाकरी थापली, खाल्ली, भांडी घासली.

यंदा तारखेला तो आला. पिशवीत पाने नव्हते. माझ्यासमोर दोन तास बसला. बिरू मेसमध्ये भाकरी मिळत नाही म्हणून कसा भांडायचा ते त्यानं सांगितलं. हे मला माहीत नव्हतं. फाटक अजून कुरकुरतं.

त्या सकाळी रस्त्यावर सात माणसं होती. नायब सुभेदार साहेब वाचले. ट्रकमधले दोघं वाचले, त्यातला एक लंगडतो. स्ट्रेचरवाले दोन्ही जवान वाचले. हवालदार संपत वाचला. नायक बिरू सात वाजून चाळीस मिनिटांनी गेला.