टोचणारी आई

गाडी शिकवणाऱ्या शाळेत तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. शेजारी शिकाऊ माणूस स्टिअरिंगला लोंबकळून घामाघूम झालेला असायचा, आणि ही आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, फिरायला निघाल्यासारखी खिडकीबाहेर बघत बसायची. "घाबरू नका, मरायची वेळ आली तर मी आधी सांगेन," असं ती पहिल्याच दिवशी सांगून टाकायची. निम्मे लोक हसायचे, निम्मे पट्टा पुन्हा एकदा ओढून बघायचे. तोंडाने फटकळ, पण तिच्या हाताखालून गेलेला माणूस आरशात न बघता गाडी वळवेल, अशी सोय नव्हती.

नवरा चपलांच्या दुकानात विक्रेता. जिभेवर साखर. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवता चढवता असं काही बोलायचा की एक जोड घ्यायला आलेली बाई दोन घेऊन जायची, वर आभार मानायची. रक्त बघितलं की मात्र त्याला घेरी यायची. दाढी करताना कापलं तरी न्हाणीघरात खाली बसायचा आणि मायलेकी दाराबाहेर खिदळायच्या.

मुलगी एकुलती एक. नऊ वर्षांची. शाळेतलं नाव शाळेतच राहिलं होतं, घरी ती भिंगरी. ती भिंगरी एका सुट्टीत बसून राहायला लागली. पायांवर, काही लागलेलं नसताना, निळे डाग दिसू लागले. ताप उतरेना. रक्त तपासलं तर रक्ताचा कर्करोग निघाला.

"या वयात हा आजार बहुतेक मुलांचा बरा होतो," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या आणखी बरंच काही बोलल्या. छातीत नळी बसवावी लागेल, स्टिरॉइड द्यावं लागेल, पाठीतून औषध सोडावं लागेल, अमक्याने असं होऊ शकतं, तमक्याने तसं. नवराबायकोने मान हलवली, पण दोघांच्या कानात गेलं होतं ते 'बरा होतो' एवढंच.

आणि खरंच तसं होत होतं. केस गेले, स्टिरॉइडने गाल फुगले, भिंगरी पहाटे उठून खायला मागू लागली, पण महिन्याभरात तिच्या रक्तातल्या वाईट पेशी दिसेनाशा झाल्या. नवऱ्याने दुकानात पेढे वाटावेत तसं हसू वाटलं. ब्रेकबाईने पुन्हा सकाळचे विद्यार्थी घ्यायला सुरुवात केली.

मग एके दिवशी भिंगरीचं डोकं दुखायला लागलं.

आदल्याच दिवशी तिला पाठीतलं इंजेक्शन दिलं होतं. ब्रेकबाईने वॉर्डात फोन केला. तरुण डॉक्टर म्हणाला, "त्या इंजेक्शननंतर दुखतं. सपाट झोपवा, पाणी भरपूर द्या, दोन दिवसांत राहील." तिने झोपवलं, पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी भिंगरीला ओकाऱ्या झाल्या. ब्रेकबाईने नवऱ्याला विचारलं, "नेऊन आणू या का?"

"डॉक्टर सांगतायत ना राहील म्हणून? उगाच गेलो तर आणखी चार सुया टोचतील तिला," तो म्हणाला. तिलाही ते पटलं. पटवून घेणं सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी टेबलाशी दूध पीत होती. तिच्या हातातून पेला सुटला. उजवा हात आपोआप झटके देऊ लागला, मग तोंड वाकडं झालं, मग सगळं अंग. नवरा भिंतीला पाठ लावून "अगं, अगं" म्हणत उभा राहिला. ब्रेकबाईने पोरीला कुशीवर वळवलं, झटके थांबेपर्यंत धरून ठेवलं, उचलून आपल्या शिकवायच्या गाडीत घातलं, नवऱ्याला दंडाला धरून मागे बसवलं आणि गाडी काढली. गाडीच्या टपावर शिकाऊ गाडीची पाटी होती. ब्रेकबाई जोरात हॉर्न वाजवत होती आणि पुढचे लोक आरशात पाटी बघून हसत होते, मुद्दाम हळू चालवत होते. त्या दिवशी तिने रस्त्याला दिलेल्या शिव्या नवऱ्याने तिच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या.

रुग्णालयात तपासलं तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती.

"कर्करोग परत आला?" तिने विचारलं.

"नाही. हे आजाराने नाही झालं, औषधाने झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मांडीत जे इंजेक्शन देतो ना, त्याने वाईट पेशी उपाशी मरतात. पण रक्त गोठू न देणारे घटकही त्याच्यामुळे कमी होतात. जोडीला स्टिरॉइड. काही मुलांना अशी गुठळी होते."

"मग ते औषध बंद करा."

"सध्या थांबवू. पण पुढे पुन्हा द्यावंच लागेल. तेच तिला वाचवतंय."

ब्रेकबाई म्हणाली, "आधी सांगायचं होतं हो."

"सांगितलं होतं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी."

डोकेदुखीच्या फोनबद्दल तरुण डॉक्टरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, बहुतेक वेळा ते पाठीतल्या इंजेक्शनचंच असतं. तोही खोटं बोलत नव्हता. भांडायला कुणी समोर सापडेना, याचीच तिला जास्त चीड आली.

भिंगरी शुद्धीवर आली. शब्द अडखळत का होईना, परत आले. उजव्या हाताची बोटं मात्र परत आली नाहीत. हात खांद्यापासून हलायचा आणि पंजा ओल्या मोज्यासारखा लोंबायचा.

रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन आता सकाळ-संध्याकाळ, कित्येक महिने, घरीच द्यायचं होतं. नर्सने आईबापांना समोर बसवून शिकवलं. कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची, औषध सावकाश सोडायचं, नंतर चोळायचं नाही. सुई आत जाताना नवरा पांढराफटक पडला आणि फरशीवर बसला. नर्स हसली. "बाबांना सोडून द्या, आईच देईल."

झालं. त्या एका वाक्याने घराची वाटणी करून टाकली.

पहिल्या आठवड्यात भिंगरी नुसती रडली. नंतर लढायला लागली. सुईची वेळ झाली की न्हाणीघरात जाऊन कडी लावायची. कडी काढून टाकली तर पलंगाखाली शिरायची. ब्रेकबाई तिला ओढून काढायची, गुडघ्याखाली पाय दाबून धरायची आणि टोचायची. मांड्यांवर हिरवे-जांभळे वण उठले होते. त्यातून कोरी जागा शोधावी लागायची.

"तू घाण आहेस! मला नको तू! बाबा! बाबा!"

बाबा बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसलेला असायचा. सगळं आटोपलं की तो हात पसरायचा, "आली का माझी राणी? कुणी मारलं माझ्या राणीला?" आणि राणी लंगडत जाऊन त्याच्या मांडीवर पडायची.

"निदान पाय तरी धर तिचे," ब्रेकबाई एकदा म्हणाली.

"मला नाही गं बघवत."

"आणि मला बघवतं, होय?"

तो समजूत काढल्यासारखा म्हणाला, "तू पहिल्यापासून खंबीर आहेस."

हाताचे व्यायामही तिच्याच गळ्यात पडले. बोटं एकेक करून उलगडायची, दुखलं तरी ताणायची. भिंगरी ओरडायची. नवरा व्यायाम घ्यायला बसला की दोघं सावल्यांचे ससे करून हसत बसायची आणि पंजा होता तसाच राहायचा. म्हणून मग पुन्हा हीच बसायची.

बंद केलेलं औषध पुन्हा सुरू झालं. ते दिवस तिने पोरीच्या प्रत्येक "डोकं" या शब्दाला दचकत काढले. पण गुठळी पुन्हा झाली नाही. शेवटी तपासणीत शीर बरीचशी मोकळी दिसली आणि डॉक्टरीणबाईंनी सुया थांबवल्या. ब्रेकबाईला वाटलं, आता पोर जवळ येईल. त्या रात्री पांघरूण सारखं करायला तिने हात पुढे केला, तर भिंगरीने दोन्ही मांड्या झटकन पोटाशी घेतल्या. झोपेत होती ती.

पुढे गोळ्यांचे उपचारही संपले. बऱ्या झालेल्या मुलांचा कार्यक्रम रुग्णालयाने ठेवला, आणि चार शब्द बोलायला कुणाला बोलावणार? ज्याला बोलता येतं त्याला. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून माइकसमोर उभा राहिला. "त्या सकाळी माझ्या लेकीच्या हातातून पेला पडला," तो म्हणाला. "डोकेदुखी साधी नाही हे माझं मन आधीच सांगत होतं. मी तिला उचललं आणि धावत सुटलो. सुया टोचताना ती बाबा-बाबा करायची, तेव्हा काळजाचं पाणी व्हायचं." सभागृहात लोक डोळे पुसत होते. भिंगरी डाव्या हाताने मांडीवर थाप मारून टाळ्या वाजवत होती.

शेजारच्या खुर्चीवरची एक आई ब्रेकबाईच्या कानाशी वाकली. "किती करतात हो तुमचे मिस्टर! नशीब लागतं."

"हो ना," ब्रेकबाई म्हणाली.

परत जाताना तिने गाडी चालवता चालवता विचारलं, "कुणी उचललं होतं रे तिला?"

"म्हणजे?"

"तू भिंतीला चिकटला होतास."

तो खरोखर गोंधळला. त्याचा चेहरा बघून तिला कळलं की हा खोटं बोललेला नाही, त्याला तसंच आठवतंय. "बोलण्याच्या ओघात थोडं इकडचं तिकडे होतं," तो म्हणाला. "तुला बोलायचं होतं तर सांगायचंस. मी कधी नाही म्हटलंय?"

मागच्या सीटवरून भिंगरी म्हणाली, "आई, आज तरी नको ना भांडूस. बाबांनी किती छान सांगितलं."

ब्रेकबाईने गियर बदलला. खरं काय ते सांगायला तोंड उघडलंही होतं, पण पोरीकडे त्या सकाळची अशी एकच आठवण सुखाची होती, की बाबा आपल्याला घेऊन धावला. ती काढून घ्यायची आणि त्या जागी काय ठेवायचं? तिच्या पायांवर दाबलेला आपला गुडघा?

आता भिंगरी तेरा वर्षांची आहे. रक्त चांगलं आहे. डाव्या हाताने लिहिते, वेणी बाबाकडून घालून घेते. फक्त डाव्या हाताची नखं तिला स्वतःला कापता येत नाहीत, आणि बाबाला ते जमत नाही, बोटाला लागून रक्त येईल म्हणून तो नेलकटर हातातच घेत नाही. मग ती आईसमोर येऊन बसते, हात पुढे करते आणि तोंड दुसरीकडे वळवते. ब्रेकबाई नखं कापते. लागू न देता, अगदी सावकाश, लागतो त्याहून थोडा जास्तच वेळ घेऊन.

"झालं?" भिंगरी विचारते.

"एक राहिलंय," ब्रेकबाई म्हणते. राहिलेलं नसतं.