मामाचे आवळलेले खांदे

माझा मामा काच कापतो. दुकानांच्या दर्शनी काचा, खिडक्या, आरसे. हात असा साफ की हिरकणीची, म्हणजे काच कापायच्या हिऱ्याची, एक रेघ ओढली, टिचकी मारली की काच मुकाट दोन होते. पण स्वभाव? जरा काही अडलं की पारा टाळूला! आम्ही भाचरं त्याला मागून ‘फटाका’ म्हणायचो.

एके सकाळी त्याची दाढ तडकली. दातांची डॉक्टरीण म्हणाली, “झोपेत दात खाता तुम्ही.”

“झोपेत कशाला? दिवसभर माझ्यावर खातात!” मामी म्हणाली.

डॉक्टरीण हसली, पण मग गंभीर झाली. “दाढेवर नुसती टोपी बसवून भागायचं नाही. अंग सैल सोडायला शिका.” तिने करून दाखवलं: मुठी घट्ट आवळायच्या आणि सोडून द्यायच्या, खांदे कानापर्यंत न्यायचे आणि पाडायचे, श्वास घेतला त्याहून सावकाश सोडायचा.

मामा उत्साहाने सकाळी सतरंजी टाकून बसला. तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात. तिसऱ्या दिवशी विसरला. “मला कुठे आहे वेळ सैल पडायला!” तो कडाडला.

मामी म्हणाली, “वेगळा वेळ काढूच नका. रोज शटर उघडताच ना? मग हात वर आहेतच, खांदे पाडा. चहा उकळतोय, मुठी सोडा. काचेवर रेघ ओढण्याआधी श्वास सोडा. कामाच्या शेपटीला बांधून टाका!”

आणि काय सांगू, जमलं! आधी शटर, मग चहा, मग रेघ. हळूहळू मामाचे खांदे मानेपासून वेगळे दिसायला लागले.

खरी परीक्षा झाली ती नाचाच्या शाळेत. पहिल्या मजल्यावर भिंतभर आरसा बसवायचा होता. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने चढवायचा ठरला. मामा, त्याचे दोन कारागीर आणि एक माणूस कमी पडला म्हणून माझे बाबा. वळणावर आरशाचा कोपरा कठड्याला अडकला. पुढे जाईना, मागे येईना.

“दाजी, घट्ट धरा!” एक कारागीर ओरडला.

“निसटतोय माझ्या हातून!” बाबा पांढरेफटक पडले.

बाबांच्या मागे लागून आलेली मी वरच्या पायरीवर जीव मुठीत धरून उभी होते. आता मामाचा स्फोट होणार, बाबा दचकणार, आणि आरसा जाणार!

मामा बोलला, पण इतक्या हळू की सगळे ऐकायला थांबले. “दाजी, आरसा धरा, श्वास सोडा. सगळ्यांनी. खांदे खाली... आता तुमची बाजू जराशी उचला.”

चार श्वास एकदम सुटले. बाबांची पकड पुन्हा बसली. आरसा तिरका झाला, कोपरा कठड्यावरून निसटला आणि निघाला की वर! वर जमलेल्या मुलींनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की बाबाच लाजले.

आरसा भिंतीला लागल्यावर मामाने खिशातून फोन काढला. “अगं, ऐकतेस का? मी ओरडलो नाही! एकदासुद्धा! विचार दाजींना!” तो मामीला सांगत होता. मग बाबांच्या हातात फोन कोंबला, आणि ते सांगत असतानाच मध्ये मध्ये तोंड घालून त्यांच्या चुका दुरुस्त करू लागला.